आमचं सायफर म्हणे कोणालाच माहीत नाही

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस "आमचं एन्क्रिप्शन एकदम सिक्रेट आहे सर, आम्ही स्वतः बनवलंय, बाहेर कोणालाच माहीत नाही कसं चालतं" असं छातीठोकपणे सांगायला लागला की मला तिथेच घाम फुटतो. मागे एकांचा असा "एन्क्रिप्टेड" डेटा बघायला मिळाला, जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी बरोबरची दोन चिन्हं, म्हणजे सरळसरळ बेस६४, डेटा साध्या अक्षरांत लिहायची उघड पद्धत, त्याला किल्ली (कुलूप उघडणारा गुप्त आकडा) वगैरे नसतेच, कॉलेजातलं पोरगंही दोन मिनिटांत उलटं करून देईल. आणि बिलात मात्र "मिलिटरी ग्रेड सिक्युरिटी" 😀

ऑगस्ट केरकॉफ्स नावाच्या माणसाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की तुमची पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी अडचण व्हायला नको, लपवायची ती फक्त किल्ली. दीडशे वर्षं होत आली तरी लोक उलटंच करतात.

आता जे सायफर, म्हणजे डेटा कुलूपबंद करायची पद्धत, आपण सगळे दिवसभर वापरतो (बँकेचं ॲप, वायफाय, ब्राउझर, सगळीकडे तेच), त्या एईएसची निवड कशी झाली ते मला कुठल्याही थ्रिलरपेक्षा भारी वाटतं. त्याच्या आधी डीईएस होतं, १९७७ सालचं, आयबीएमने बनवलेलं आणि अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मध्ये हात घातलेलं. त्यातले एस-बॉक्स, म्हणजे एका आकड्याच्या जागी दुसरा ठेवणारे तक्ते, असेच का निवडले हे कोणी सांगेना, त्यामुळे वर्षानुवर्षं लोकांना संशय की यात एनएसएने चोरदरवाजा ठेवलाय. पुढे १९९० च्या सुमारास बिहॅम आणि शमीर या संशोधकांनी डिफरन्शिअल क्रिप्टॲनालिसिस (थोडासाच फरक असलेले मजकूर टाकून उत्तरांतल्या फरकावरून किल्ली काढायची युक्ती) प्रसिद्ध केलं तेव्हा लक्षात आलं की ते एस-बॉक्स नेमके याच हल्ल्याला तोंड देतील असे बसवलेत, आणि १९९४ मध्ये आयबीएमच्या कॉपरस्मिथने सांगूनच टाकलं की हो, आम्हाला हे १९७४ मध्येच माहीत होतं, गप्प बसायला लागलं. म्हणजे काम चोख, पण लपवाछपवी केल्याने विश्वास गेला तो गेलाच. आणि किल्ली फक्त ५६ बिटांची, म्हणजे साधारण ७२ हजार लाख कोटी शक्यता, आकडा ऐकायला मोठा वाटतो पण १९९८ च्या जुलैत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आतलं एक मशीन बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. ५६ बिट, ५६ तास, योगायोग मस्त आहे.

मग अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये ठरवलं की आता उघड स्पर्धा, जगातल्या कोणीही सायफर पाठवा, डिझाइन सगळ्यांसमोर ठेवा, निवड झाली तर रॉयल्टी मागायची नाही. १५ सायफर आली आणि मग अक्षरशः कुस्तीचा आखाडा, ज्याने स्वतःचं सायफर दिलंय तोच उठून दुसऱ्याचं पाडायला बसलाय. डॉइच टेलिकॉमचं मॅजेंटा तर १९९८ च्या पहिल्याच परिषदेत मांडलं गेलं आणि समोर बसलेल्या मंडळींनी तिथल्या तिथे त्याच्यातली भोकं काढली. पुढच्या वर्षी पाच उरली: मार्स, आरसी६, राइनडाल, सर्पंट, टूफिश. २००० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला जमलेल्यांची मतं घेतली तर राइनडालच्या बाजूने ८६, विरोधात १०, आणि आयबीएमच्या मार्सच्या बाजूने १३, विरोधात ८४! अमेरिकेचं सरकारी स्टँडर्ड, आणि ऑक्टोबरात निवडलं ते राइनडाल (तेच आताचं एईएस), दोन बेल्जियन माणसांचं, योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन. आपल्याकडे असं टेंडर निघालं असतं तर... जाऊ दे.

मला स्वतःला सर्पंट जास्त आवडायचं, ३२ राउंड (तेच काम ३२ वेळा), एकदम सावध डिझाइन, पण सॉफ्टवेअरमध्ये स्लो, आणि स्लो गोष्ट लोक वापरत नाहीत हे मान्य करायला लागतं.

राइनडालचं आतलं काम एकदा कागदावर करून बघाच. १६ बाइट चार बाय चारच्या चौकटीत मांडायचे. पहिलं काम म्हणजे प्रत्येक बाइट २५६ घरांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून बदलायचा, हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या आकड्यांत) ५३ टाकला की ईडी येते (हसू नका, खरंच येते). मग ओळी सरकवायच्या, पहिली जागेवर, दुसरी एक घर, तिसरी दोन, चौथी तीन. मग प्रत्येक उभ्या रांगेतले चार बाइट एकमेकांत मिसळायचे आणि वरून किल्लीचा तुकडा एक्सऑर करायचा (दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १). झाला एक राउंड. सुरुवातीला एकच बाइट बदलून बघितलात तर एका राउंडनंतर चार बाइट बदललेले दिसतात आणि दुसऱ्यानंतर सगळे सोळा, आणि असे १२८ बिटांच्या किल्लीला १० राउंड. तो तक्ताही हवेतून आलेला नाही, गणिताच्या एका सूत्रातून निघतो आणि ते सूत्र छापलेलं आहे, ज्याला शंका आहे त्याने स्वतः काढून पडताळावं. डीईएसच्या वेळी जे झाकून ठेवलं होतं तेच इथे पहिल्या दिवसापासून उघड.

२० वर्षांहून जास्त काळ जगभरातले लोक याच्यावर तुटून पडलेत आणि पूर्ण १० राउंडवर २०११ मध्ये जो हल्ला सापडला त्याने २ च्या १२८ व्या घाताइतक्या किल्ल्या तपासायचं काम १२६ व्या घाताच्या आसपास आलं. म्हणजे व्यवहारात काहीच नाही.

फुटतं ते वापरताना. ब्लॉक सायफर एका वेळी एकच ठोकळा बंद करतं, पुढचा ठोकळा कसा जोडायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि आळशी माणूस ईसीबी निवडतो, म्हणजे सारखा ठोकळा आत गेला की सारखाच बाहेर. २०१३ मध्ये अडोबी कंपनीच्या ग्राहकांचे कोट्यवधी पासवर्ड बाहेर आले ते ट्रिपल डीईएसने (तीनदा डीईएस) ईसीबीत ठेवलेले, शेजारीच लोकांनी दिलेल्या हिंट उघड्या. एकाच पासवर्डचं एन्क्रिप्ट केलेलं रूप सगळीकडे सारखं, मग शंभर जणांच्या हिंट वाचून पासवर्ड ओळखायचा, किल्लीची गरजच नाही. आणि २०२० मध्ये सगळे झूमवर असताना कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने दाखवलं की कंपनी सांगते एईएस-२५६ (२५६ बिटांची किल्ली) आणि आत चाललंय एईएस-१२८, तेही ईसीबी. झूमने नंतर जीसीएम आणलं, ज्यात सारखा ठोकळा सारखा बाहेर येत नाही.

क्वांटम कॉम्प्युटरला टिकतील अशा पद्धतींसाठी एनआयएसटीने २०१६ मध्ये पुन्हा तशीच स्पर्धा काढली. त्यात साइक नावाची पद्धत चौथ्या फेरीपर्यंत पोचली होती, तिच्या पाठीशी मोठमोठी नावं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कॅस्ट्रिक आणि डेक्रू या दोघांनी ती साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. दोघे बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठाचे, रायमन आणि डेमन जिथून पीएचडी झाले तेच.