रिकंबंट की नेहमीची सायकल? आधी बूम तुमच्या मापाला लावून घ्या

मान, मनगटं आणि बैठक दुखते म्हणून मी रिकंबंटकडे, म्हणजे मागे रेलून बसून पाय पुढे करून चालवायच्या सायकलकडे वळलो. रेलून बसल्यावर हातांवर भार येतच नाही, हा फरक पहिल्या मिनिटातच कळतो. मी अडकलो तो बूमपाशी.

बूम म्हणजे पॅडल पुढे धरणारी, आतबाहेर सरकणारी नळी. रिकंबंटची सीट बहुधा जागेवरच असते, त्यामुळे पायाचं माप जुळवायचं ते बूमवर. ट्रायलची सायकल नेमकी दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाला लावलेली. दुकानदाराला बदलून द्या म्हटलं तर उत्तर एकच, ‘चेन कापावी लागेल, विकत घेतल्यावर करू.’ याचा राग अजून गेलेला नाही. बूम चुकीचा असेल तर ट्रायलला अर्थच काय? फार लांब असला की प्रत्येक पॅडलला कंबर डोलते आणि गुडघ्याची मागची बाजू ओढली जाते. जवळ असला की वाटीवर ताण येतो. आणि माणूस दोष देतो सायकलला!

तपासायची रीत सोपी आहे. पाठ सीटला पूर्ण टेकवा, टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत लांब गेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक उरतो. बूम १ सेंटीमीटर सरकवला की चेन २ सेंटीमीटर कमी-जास्त लागते, कारण ती वरून जाते आणि खालून परत येते. कड्यांची एक जोडी १ इंचाची, म्हणजे साधारण सव्वा सेंटीमीटर बूम. एवढ्या-तेवढ्या फरकाला मागचा डिरेलरच (गिअर बदलणारा आणि चेन ताणून धरणारा भाग) सांभाळून घेतो, चेन कापावी लागत नाही. बोल्ट सैल केले की बूम गोलही फिरतो, म्हणून आवळण्याआधी क्रँकचा (पॅडल ज्यांना जोडलेले असतात त्या दांड्यांचा) आस जमिनीला समांतर आहे ना ते बघा.

नेहमीच्या सायकलनेच भागत असेल तर आधी तिचं माप दुरुस्त करा: टाचेची तीच कसोटी सीटच्या उंचीला, हँडल थोडं वर, सीट बैठकीच्या हाडांइतकी रुंद. गर्दीत वारंवार थांबायचं असेल तर मी हिचीच बाजू घेईन, कारण नजर उंचावर राहते आणि पाय पटकन टेकतो. दुचाकी रिकंबंट सुटताना डळमळते, आणि काही मॉडेलांत हळू वळताना टाच पुढच्या चाकाला लागते.

रिकंबंटवर चढाला पॅडलवर उभं राहता येत नाही, तेव्हा हलके गिअर हवेतच. जोरात ब्रेक दाबल्यावर हँडलवरून तोंडावर पडायची भीती मात्र रिकंबंटवर फारच कमी.

तीनचाकी रिकंबंट घेणार असाल तर पाय पॅडलला बांधणारे पट्टे किंवा क्लिप लावाच. पाय निसटून जमिनीला लागला तर सायकल पुढे जात राहते आणि पाय खाली ओढला जातो. आरसा आणि उंच झेंडा पहिल्याच दिवशी बसवा. रेलून बसल्यावर मागे वळून बघणं जमत नाही, आणि इतक्या खाली बसलेले आपण इतरांना पटकन दिसत नाही.