मॅटाडोरसाठी रबर

रविवार, रात्री

आमच्या जुन्या मॅटाडोर व्हॅनची पुढची काच आज एकदाची उतरवली. काचेभोवतीचं रबर इतकं वाळलं होतं की ओढून निघेना, शेवटी मिस्त्रींनी सुरी घेऊन उभं चिरलं. काच शाबूत निघाली. मी हुश्श करते तोवर त्यांनी काचेखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो आरपार गेला. दोन्ही खालच्या कोपऱ्यांत तेच. वरून रंग ठणठणीत, आत पत्र्याचा पापड. रबराच्या खाचेत पाणी साचतं, ते सुकायला जागा नसते, आणि मुंबईत चार महिने पाऊस नि उरलेले आठ महिने खारी हवा. गंजाला सुट्टी कसली मिळतेय.

सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचं ठरलं. वर पुट्टी थापून रंग मारणाऱ्यांतले आमचे मिस्त्री नाहीत, म्हणून तर कामाला वेळ लागतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. पत्रा मिळतो, वेल्डरही मिळतो. घोडं अडलंय ते रबरावर.

गाडी अण्णांची, १९८३ सालची, नंबर एमएच सुरू व्हायच्या आधीचा. मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात लालबाग-परळच्या गणपतीचे बांबू, कनाती, खुर्च्यांच्या थप्प्या, सगळं हिनेच वाहिलं. मंडपाचा हंगाम नसला की वऱ्हाडं. अण्णांचे गुडघे थकल्यावर ती भांडुपच्या गाळ्यात ताडपत्रीखाली गेली. आता ती पुन्हा चालती करायची, एवढाच माझा हट्ट. चकाचक करून प्रदर्शनात उभी करायची नाही. लोक मला विचारतात, "व्हिंटेज म्हणून नोंदणार का?" २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटावी लागतात. आणि तशी नोंदणी झाली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, संशोधन, नाहीतर डिझेल भरायला आणि दुरुस्तीला. मला ती आईला घेऊन वाईला न्यायची आहे. ठेवा म्हणावं तुमचं व्हिंटेज तुमच्यापाशी.

मंगळवार

इंजिनाचं काम मात्र हसत-खेळत झालं. मूळ इंजिन कधीच गेलं. अण्णांनी नव्वदच्या दशकात त्या जागी २.४ लिटरचं ओएम ६१६ बसवून घेतलं होतं. मर्सिडीजचं डिझाइन, बजाज टेम्पोने, म्हणजे मॅटाडोरच्याच कंपनीने, परवान्याने इथे बनवलेलं. हेच इंजिन त्यांच्या ट्रॅक्समध्ये गेलं, ट्रॅव्हलरमध्ये गेलं. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर उभं राहून हाक मारली तर त्याचे पार्ट घेऊन कोणीतरी येईल. हेडचं गॅस्केट, हीटर प्लग, फिल्टर, पंपाची किट, सगळं एका दुपारी एका दुकानात मिळालं, वर दुकानदाराने चहा पाजला.

म्हणजे सगळ्यात महाग, सगळ्यात अवघड वाटणारी वस्तू सर्वांत सोपी निघाली. ती आणखी हजार गाड्यांत आहे म्हणून. जे फक्त मॅटाडोरमध्येच होतं, ते मॅटाडोरबरोबर गेलं. काचेचं रबर, दरवाज्याचं लॅच, मागच्या दाराची बिजागरी. ज्याची किंमत त्या काळी पाच-दहा रुपये असेल त्यापायी गाडी उभी.

चौथा शनिवार (बँक बंद, म्हणून दिवसभर भटकंती)

सकाळी ऑपेरा हाउस. तिथले जुने स्पेअर पार्टवाले अजून आहेत, पण मॅटाडोर म्हटलं की नवी पिढी मोबाइलमध्ये शोधते आणि जुनी पिढी छताकडे बघते. छताकडे बघणाऱ्यांकडे आशा असते. एका आजोबांनी माळ्यावर पोरगा चढवला आणि खाली आला पुठ्ठ्याचा खोका, बजाज टेम्पोच्या छापाचा, सील न तोडलेला. आत ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि त्यांत बसणाऱ्या रबरी वाट्या, म्हणजे बकेट. माझे डोळे चमकलेले त्यांनी पाहिले असावेत, कारण भाव तिथेच दुप्पट झाला.

मिस्त्रींनी एक बकेट उचलून दोन बोटांत दुमडली. वाकल्या जागी बारीक बारीक भेगा उमटल्या. त्यांनी ती काही न बोलता परत खोक्यात ठेवली.

जुन्या मालाचं हेच आहे. कंपनीच्या पॅकिंगमधलं, कोणी हात न लावलेलं, याचं आपल्याला भारी अप्रूप. लोखंड, पितळ, काच असेल तर ते अप्रूप खरं; तीस वर्षांपूर्वीचा सिलिंडर आजही नवाच असतो. पण रबर गाडीत बसवलं काय नि खोक्यात ठेवलं काय, म्हातारं होतंच. ब्रेकच्या बाबतीत तर असल्या जपलेल्या रबरापेक्षा आजचं साधं किट शंभर पट बरं. आम्ही सिलिंडर घेतले, बकेट त्यांच्याकडेच ठेवल्या. बकेट कुठल्या गाडीच्या आहेत यापेक्षा सिलिंडरचा आतला व्यास महत्त्वाचा. व्यास मोजायचा, त्याच मापाची, चांगल्या कंपनीची किट दुसऱ्या कुठल्यातरी चालू गाडीची घ्यायची. हे मिस्त्रींनी शिकवलं. ते स्वतः मात्र याला शिकवणं म्हणत नाहीत, "त्यात काय सांगायचं ताई" म्हणतात.

दुपारी कुर्ला, सीएसटी रोड. मुंबईत ज्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा होतात त्या तुकड्यातुकड्याने इथे येतात. दरवाजे एकावर एक रचलेले, बंपरच्या मोळ्या, स्टीअरिंगच्या माळा. इथे मी प्रश्न विचारते आणि उत्तर मिस्त्रींना मिळतं, याची आता सवय झाली. एकाने तर मिस्त्रींना विचारलं, "मॅडम को क्या चाहिए?" मी त्याच्यासमोरच उभी होते. मी म्हटलं, "मॅटाडोर का लेफ्ट दरवाजा का लॅच." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, "मॅटाडोर? अभी तो उसका कबाड भी नहीं आता." जुन्या डायरीत माझा नंबर मात्र लिहून घेतला.

ते खरंच आहे. मॅटाडोरी आता भंगारातही येत नाहीत, सगळ्या केव्हाच वितळून गेल्या. आणि हल्ली एखादी जुनी गाडी निघालीच तर तिचे रील बनवणारे आधी पोचतात. मग हेडलाइटच्या रिंगेला असा भाव लागतो की वाटावं चांदीची आहे.

बुधवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून हिच्या खानदानाच्या मागे लागले. मॅटाडोर हे नाव मूळ हॅम्बुर्गचं. तिथल्या विडाल अँड झोन या कंपनीच्या टेम्पो गाड्यांमध्ये १९४९ साली मॅटाडोर आली, आणि तिच्यात चक्क फोक्सवॅगन बीटलचं इंजिन होतं. ही कंपनी पुढे हानोमाग या दुसऱ्या जर्मन कंपनीकडे गेली, हानोमाग-हेन्शेलचा कारभार मर्सिडीजच्या हातात गेला, आणि सत्तरच्या दशकात मर्सिडीजने याच घराण्यातली व्हॅन एल ३०६ म्हणून स्वतःच्या चांदणीखाली विकली. इकडे फिरोदियांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या बजाज टेम्पोने त्या हॅम्बुर्गवाल्यांशीच हातमिळवणी केली होती, म्हणून आमची मॅटाडोर आकुर्डीत जन्मली. आपल्याकडे मग टेम्पो म्हणजे कुठलाही माल वाहणारा, आणि मॅटाडोर म्हणजे कुठलीही व्हॅन. २००५ मध्ये कंपनीने आपल्या नावातूनच टेम्पो काढून टाकलं, लोकांनी काढलं नाही.

हे वाचून उपयोग काय, तर एवढाच की शोधताना "मॅटाडोर" न लिहिता "हानोमाग" लिहिलं. लगेच जर्मनीतला एक विक्रेता सापडला, काचेचं रबर त्याच्या यादीत. किंमत युरोत, वर पोस्टेज, वर आपलं कस्टम. बेरीज केली आणि पाणी प्यायले. पण त्याने रबराच्या छेदाचं चित्र मापांसकट दिलं होतं, ते फुकट होतं. आमच्या चिरलेल्या रबराची पातळ चकती कापली, ऑफिसच्या शाईच्या पॅडवर दाबली आणि कोऱ्या कागदावर ठसा उमटवला. इंग्रजी एच आडवा पाडल्यासारखा आकार, एका बाजूची खाच काचेसाठी रुंद, दुसऱ्या बाजूची पत्र्यासाठी अरुंद, मध्ये वरून पट्टी दाबायची चीर. चित्राशेजारी ठेवलं. काचेची खाच दोन्हीकडे सारखी, बाहेरचा ओठ मात्र आमचा जाड.

शनिवार

ठसा घेऊन साकीनाक्याला रबरवाल्याकडे. त्याने तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, साचा बनवून देतो, पण कमीत कमी शंभर मीटर घ्यावं लागेल. मला लागतं पाचच्या आत. उरलेल्याची काय बांगडी घालू?

तिथून बाहेर पडताना मिस्त्री म्हणाले, "ताई, आपण मॅटाडोरचं रबर कशाला शोधतोय? खाचेचं माप शोधूया." त्यांचं म्हणणं, काच किती जाड आणि पत्रा किती जाड, या दोन खाचा जुळल्या की रबर कुठल्या गाडीचं आहे हे काचेला कळत नाही. बसच्या बॉडी बांधणारे खिडक्यांना असलंच एच रबर लावतात आणि ते मीटरवर मिळतं. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर खिशात होताच. बस-बॉडीचा माल विकणाऱ्या दुकानात गुंडाळ्यांच्या भिंतीपुढे आम्ही तासभर खाचा मोजत बसलो आणि दुकानदार आमच्याकडे, हे काय येडे आलेत, अशा नजरेने बघत राहिला. शेवटी एक जुळलं. ओठ थोडा पातळ, म्हणजे जर्मन नातलगासारखा. घेताना ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर, आहे ना हे खातरजमा करून घेतलं, कारण साधं रबर मुंबईच्या उन्हात दोन पावसाळ्यांत भेगाळतं.

दर ऐकून मी दोनदा विचारलं. जर्मनीच्या पोस्टेजमध्ये अख्खी बस बांधून झाली असती.

रविवार

काच बसली. मला यातलं सगळ्यात आवडलेलं काम. नव्या पत्र्याला प्रायमर-रंग लागून सुकला होता. आधी रबर काचेभोवती चढवलं, जोड वर मधोमध घेतला. खाली घेतला तर पाणी तिथूनच शिरतं. मग पत्र्याच्या खाचेत चौफेर नायलॉनची दोरी भरली, दोन्ही टोकं आत लोंबती ठेवली, सगळ्याला साबणाचं पाणी. बाहेरून मी आणि गाळ्यातला पोरगा तळव्यांनी काच दाबतोय, आतून मिस्त्री दोरी इंच इंच ओढतायत. दोरी सुटत जाते तसा रबराचा आतला ओठ पत्र्यावरून टपकन पलीकडे उडी मारतो. टप, टप, टप. खालच्या डाव्या कोपऱ्यात रबराला सुरकुती पडली, तिथे वळण आवळ आहे. मिस्त्रींनी लाकडी मोगरीने हळूहळू थोपटून ती काढली. शेवटी मधल्या चिरेत पट्टी दाबली, तशी काच जी आवळली गेली ती हलेना.

मग वरून पाइपने पाणी मारलं. अण्णा आत ड्रायव्हरच्या सीटवर बसून टॉर्चने कोपरे बघत होते. "एक थेंब नाही," म्हणाले, आणि लगेच, "पण वायपर तू कुठला लावलायस हा? काच पुसतोय का कुरवाळतोय?" वायपर बदलणार आहे.

गाडी लाल बहादूर शास्त्री मार्गावर थोडी फिरवली. ब्रेक दोन्हीकडे सारखे लागतात. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की पुढून कट-कट आवाज येतो. हिची ताकद पुढच्या चाकांना आहे, त्यामुळे ती ताकद चाकापर्यंत नेणारे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, बिचारे वळायचंही काम करतात आणि ओढायचंही. त्यांच्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस गेलं की संपलं. सध्या नवीन बूट, नवीन ग्रीस, आणि यू-टर्न सांभाळून. जॉइंट वाईट आहे पण तुटायला आलेला नाही, असं मिस्त्री म्हणतात, आणि अशा बाबतीत ते उगाच धीर देणारे नाहीत.

गुरुवार

कुर्ल्याच्या त्या डायरीवाल्याचा फोन आला. मॅटाडोरचं लॅच मिळालं, कंपनीचं, चालू, स्प्रिंगसकट. मी ऑफिसातून जवळजवळ ओरडलेच. मग त्याने सावकाश सांगितलं, "लेकिन राइट साइड का है, मॅडम."

आमचं उजवं व्यवस्थित आहे. उजव्याचं डावीकडे उलटून बसत नाही, आरशातली वस्तू ती. तरी ठेव म्हटलं, शनिवारी येते. नाशिकच्या एका गृहस्थांकडे मॅटाडोर आहे, त्यांना उजवं लॅच हवंय असं मागे म्हणाले होते, आणि त्यांच्याकडे जास्तीचं डावं पडून आहे की नाही हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मघाशी मेसेज टाकलाय. दोन निळ्या रेघा आल्या आहेत. उत्तर यायचंय.