बे दुणे चाय

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात माझा वाचा-उपचाराचा वार असतो, तेव्हा ओपीडीच्या टोकाची खोली मला मिळते. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे बाकं रिकामी होती. रोज बुडवून लेकरू दवाखान्यात कोण आणणार? तरी पूर्णेकाठच्या एका गावातून एक आजी नातवाला घेऊन आली. पोरगा दुसरीतला. आजीच्या मुठीत घामानं मऊ झालेली चिठ्ठी : ‘उच्चारदोष. र, ळ, व येत नाही. वर्गात मुले हसतात.’

चिठ्ठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची होती. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं शाळा-अंगणवाड्यांतून फिरतात, डोळ्यांपासून हृदयापर्यंत सगळं बघतात. एका मुलाच्या वाट्याला त्यात काही मिनिटंच येतात, तेव्हा चिठ्ठीवर तीन अक्षरं नेमकी लिहून येणं हेच मला पुष्कळ वाटतं.

"कोनी म्हनते जिभीखालची शीर कापा लागते," आजीनं बसल्याबसल्या सुरू केलं. "म्या मधात येखंड चाटवलं. काही फरक नाही पडला, मॅडम."

माझा कान तिथंच टवकारला, पण आधी पोराचे कान तपासायचे होते. ऐकू नीट येत होतं. जीभ बाहेर काढ, नाकाकडं ने, टाळूला लाव : सगळं जमलं. शीर कापायचं काही कारण नव्हतं, हे आजीला दोनदा सांगावं लागलं. कापायची ही सूचना गावोगाव कोण देत फिरतं देव जाणे.

मग चित्रकार्डं काढली. डोळा दाखवला, तो म्हणाला ‘डोया’. फळ, ‘फय’. घर, ‘घय’. राजा, ‘याजा’. मोर, ‘मोय’. विहीर दाखवली तर ‘इहीय’. वेळ विचारली तर ‘येय’. कागदावर नुसते य-च य. चिठ्ठी लिहिणाऱ्याची अडचण समजली. र असो, ळ असो, नाही तर इ-ए आधीचा व, या पोराच्या तोंडी सगळे एकाच दारातून बाहेर पडत होते.

आता य-च का, हे जरा सांगायला हवं. य म्हणताना जिभेचा मधला भाग इ-च्या जागेकडं उचलला जातो आणि कुठंही न टेकता पुढच्या स्वरावर उतरतो. प-साठी ओठ मिटावे लागतात, त-साठी जीभ दातांना लावून हवा अडवावी लागते, स-साठी फट इतकी अरुंद करावी लागते की हवा घासून निघते. य-ला यातलं काहीच लागत नाही. म्हणून तो व्यंजनांच्या रांगेत उभा असला तरी घडण स्वराचीच. पण पुरता स्वरही नाही. इ दम असेपर्यंत लांबवता येते, तिच्यावर अक्षर उभं राहतं. य लांबवून बघा, हातात इ-च उरते. उ आणि व यांचं नातं असंच, फक्त मराठी व-ला खालचा ओठ वरच्या दातांजवळ न्यावा लागतो, न घासता.

शाळेत आपण य, र, ल, व असे चार अर्धस्वर पाठ केले. संस्कृत व्याकरणातले हे अंतस्थ. पाणिनीच्या ‘इको यणचि’ या सूत्रात इ-चा य, उ-चा व, ऋ-चा र आणि लृ-चा ल होतो : प्रीत्यर्थ, मन्वंतर, पित्राज्ञा. शिक्षाकारांनी, म्हणजे उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथकारांनी, त्यांचा प्रयत्न ‘ईषत्स्पृष्ट’ म्हणजे किंचित स्पर्शाचा सांगितला. आजचं ध्वनिशास्त्र मात्र य आणि व यांनाच अर्धस्वर म्हणतं. र-साठी जिभेचं टोक वरच्या हिरडीवर आपटावं लागतं, ल-साठी टेकवून बाजूनं हवा सोडावी लागते. माझ्या खोलीत हा भेद रोज कामाला येतो, कारण टोकाचा हा ठोका जमला नाही की र-च्या जागी जे उरतं ते बहुधा ल किंवा य असतं. ळ-ला तर टोक मागं वळवून टाळूवरून झटकायचं.

पण आजीचं ‘येखंड’, म्हणजे वेखंड, डोक्यातून जात नव्हतं. मी कार्डं बाजूला ठेवली आणि तिच्याशीच बोलत बसले. किती वेचता दिवसाला, भाव काय मिळतो, पाणी कसं आहे. खारपाणपट्ट्यात पाण्याचा विषय काढला की माणूस मोकळा होतो. "इहीरीचं पानी खारं, प्याले नाही चालत," ती म्हणाली. मग येचनी झाली, ईस रुपये झाले, कायी माती, आबाय, चुलीतला इस्तो, सारं आलं. आणि त्याच तोंडून वावर, वारा, वांगं आणि घर, खारं, चार स्वच्छ. ळ-च्या जागी तिच्या तोंडी य यायचा. आणि व फक्त इ आणि ए यांच्या आधी जायचा, दुसरीकडं कुठंच नाही. जीभ तिथं आधीच इ-च्या जागी निघालेली असते, ओठाला वळसा घालायला फुरसत नाही. इंग्रजी अमलात जॉर्ज ग्रिअर्सननं केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये छापला गेला, त्यातही वऱ्हाडीची ही लकब नोंदलेली आहे. तेव्हा हे आजीचंही नव्हे, तिच्या आजीचं.

पोराकडं वळले. "वारा म्हण." ‘वाया.’ व पक्का होता! वांगं, वाघ, वही सगळ्यांत पक्का. म्हणजे व-चा दोष नव्हताच. ळ-साठी त्याला माझ्या तोंडाकडं बघायला लावलं आणि म्हटलं, "अळी." त्यानं मला हवी तशी, टाळूवरून झटकलेली अळी म्हणून दाखवली आणि लगेच आजीला सांगितलं, "अयी." ळ त्याला येत होता, घरी लागत नव्हता इतकंच. मग "रस." ‘यस.’ आरशात बघून ‘यस’, हळू म्हटलं तरी ‘यस’, माझ्या बोटानं हिरडीवर जागा दाखवल्यावरही ‘यस’. बाहेर बाकावर तो ट्रॅक्टर चालवत होता तो र्र्र आवाजही मी आठवून बघितला. तो जिभेचा नव्हता, ओठांचा होता.

"शायेतले पोट्टे कोनत्या शब्दाले हासतेत?" मी आजीला तिच्याच बोलीत विचारलं.

"बे दुने चाय म्हनते ना हा! म्या गुर्जीले इचारलं, तं ते बी हासले. घय म्हनते, तवा हासतेत. याजा म्हनते."

"डोया म्हटलं तर?"

"त्याले काऊन हासतीन वो? सारेच म्हनतेत."

वर्गातल्या पोरांनी निदान माझ्याआधी करून ठेवलं होतं. फय आणि घय यांतला य कागदावर सारखा दिसतो, पण एकाला कोणी हसत नव्हतं आणि दुसऱ्याला हमखास.

शाळेला उत्तर लिहिलं : ळ आणि व यांत दोष नाही, घरची बोली आहे. उपचार फक्त र-वर. दुपारी गुरुजींचा फोन आला. माणूस चांगला, काळजीनं बोलत होता. "मॅडम, पण हा वहीत ‘इहीर’ लिहितो त्याचं काय करू?" म्हटलं, लिहिणं तुम्ही शिकवा, ते तुमचंच काम. पण वाचताना अडवू नका, आणि पाढे म्हणताना वर्गाला हसू देऊ नका. त्यांना पहिलं पटायला वेळ लागला, दुसरं लगेच पटलं.

र-ची सुरुवात मी ‘द-द-द’ पासून करते. टोक वर, वेग वाढवायचा, मग एखादा ठोका आपोआप र-सारखा पडतो. घरी सरावासाठी शब्दांची यादी केली, ळ नसलेली, म्हणजे पोराच्या डोक्यात दोन गोष्टींचा गोंधळ नको. रस, रान, राख, रुमाल. मी वाचत गेले, आजी ऐकत गेली.

"रान काऊन? आमी वावर म्हनतो," ती म्हणाली. "आन् रुमाल नाही, दुपट्टा. सरकी लिवा. जवारी लिवा, तूर लिवा."

मी रान आणि रुमाल खोडले.