शिकागोत एप्रिलमध्ये सायकल काढणार असाल तर

आधी निकाल, मग कहाणी. मिशिगन सरोवराच्या काठाने जाणारा शिकागोचा लेकफ्रंट ट्रेल सायकलवर करावा असाच आहे. पण एप्रिलमध्ये फोनवरचं तापमान बघून निघालात तर फसाल. मी फसले, म्हणून हे लिहितेय.

पुण्यात दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन येणारी मी. पंक्चर काढता येतं, चढाला घाबरत नाही. साठ किलोमीटर सपाट रस्ता म्हणजे डाव्या हातचा मळ, असं वाटलं होतं. तुम्हालाही तेवढी सवय आहे असं धरूनच पुढचं लिहितेय. नसेल तर मधला तुकडा करा, माँट्रोजपासून म्युझियम कॅम्पसपर्यंत. त्यात कमीपणा नाही.

मुक्काम भाच्याकडे, एजवॉटरला. ट्रेलचं उत्तर टोक आर्डमोर रस्त्यापाशी आहे, त्याच्या घरापासून चालत सात मिनिटं. शुक्रवारी रात्री त्याने फोन पुढे केला. उद्या कमाल ६४, म्हणजे आपले १८. "मावशी, ह्याहून चांगला शनिवार तुला मिळायचा नाही." मी सुटीला आलेली, तो हिवाळाभर घरात कोंडलेला. दोघांनाही खरं वाटायलाच हवं होतं.

ह्या ६४ची गोम मला नंतर कळली. शिकागोचं अधिकृत तापमान १९८० पासून ओहेअर विमानतळावर मोजतात, आणि ओहेअर सरोवरापासून वीसेक किलोमीटर आत आहे. एप्रिलमध्ये सरोवराचं पाणी असतं जेमतेम पाच-सहा अंश सेल्सियस. वारा नैऋत्येचा, म्हणजे जमिनीवरून येणारा असेल तोवर काठावरही मस्त ऊन. तोच वारा फिरून ईशान्येचा झाला की पाण्यावरची सगळी गार हवा थेट अंगावर. तासाभरात दहा-बारा अंश उतरतात. असा झटका आला की त्याला 'न्यूमोनिया फ्रंट' म्हणतात, नाव अगदी योग्य आहे. हवामानाच्या बातम्यांत शेवटी एक शेपूट असतं, 'कूलर निअर द लेक'. भाच्याला ते इतकं सवयीचं झालंय की कानात शिरतच नाही. "ते तर रोजच म्हणतात गं," हे त्याचं नंतरचं उत्तर.

सायकल भाड्याने घेतली, उत्तरेकडच्याच एका दुकानातून. नाव घेत नाही. चार तासांचे ३६ डॉलर असं पाटीवर. हेल्मेटचे ५, कुलपाचे ५, मोडतोड झाली तर म्हणून ६, हे पाटीवर नाही. सव्वानऊला निघाले, सव्वाला परत द्यायची. दोन तास जायला, दोन यायला. हिशोब अगदी चोख होता.

जातानाचं फार सांगत नाही, कारण सगळं छानच होतं. ट्रेल साडेअठरा मैल, म्हणजे तीस किलोमीटर. सायकलींना वेगळी पट्टी आणि चालणाऱ्यांना वेगळी. २०१८ पासून ही विभागणी पूर्ण झालीय. माँट्रोज पॉइंटला झुडपांच्या एका रांगेपाशी पन्नासेक माणसं तोफांसारख्या लेन्स लावून उभी होती. स्थलांतराचे पक्षी उतरायला लागले होते. पक्ष्यांची आवड असेल तर तुम्ही तिथून पुढे जाणारच नाही. नेव्ही पिअरचा सायकल-उड्डाणपूल २०१४ मध्ये सुरू होऊन २०२१ मध्ये पूर्ण झाला हे कळल्यावर पुणेकर म्हणून जरा बरं वाटलं. त्याच्या अलीकडे, ओक स्ट्रीटच्या वळणावर, थांबून फोटोही काढला. पाणी निळंशार, आरशासारखं. तो फोटो आता पुसून टाकावासा वाटतो.

दक्षिण टोक ७१व्या रस्त्यावर. सव्वाअकराला पोचले, शेंगदाण्याची चिक्की खाल्ली, साडेअकराला वळले. येताना नैऋत्येचा वारा तोंडावर घेतला होता, म्हणजे आता पाठीवर. ह्या विचाराने मी मनातल्या मनात शीळसुद्धा घातली.

वारा फिरला तो मॅककॉर्मिक प्लेस ह्या प्रदर्शन केंद्राच्या आसपास. तिथे ट्रेल त्या काळ्या काचेच्या इमारतीच्या अगदी पायाशी जातो. ५ ऑक्टोबर २०२३च्या एका रात्रीत सुमारे हजार पक्षी ह्याच काचांवर आपटून मेले होते. पुढच्या उन्हाळ्यात काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली. ते ठिपके बघायला मान वर केली आणि मानेत गार पाणी ओतल्यासारखं झालं. आधी वाटलं ढग आला. ढग नव्हता. झेंडे बघितले तर सगळे उलट्या दिशेला. गेले तेव्हा वारा समोरून, आले तेव्हाही समोरून. तक्रार करायची तर कुणाकडे?

शिकागो नदीच्या मुखाशी आले तर घंटा वाजतेय, फाटक खाली, आणि पूल वर चाललाय. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत बुधवार-शनिवारी सकाळी हा प्रकार चालतो. हिवाळाभर नदीच्या दक्षिण फाट्यावरच्या यार्डांत ठेवलेल्या शिडाच्या होड्या सरोवरातल्या बंदरांकडे निघतात, आणि त्यांच्या उंच डोलकाठ्यांसाठी सत्तावीस पूल एकामागोमाग एक उचलतात. शहराच्या मधोमध, बसगाड्या थांबवून! बघण्यासारखं आहे, मुद्दाम जा. फक्त मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या पुलाजवळ कॉफी हातात घेऊन बघा. घामाने भिजलेल्या टी-शर्टात सरोवराच्या तोंडावर उभं राहून बघू नका. मी बारा मिनिटं उभी होते. बाराव्या मिनिटाला दात वाजत होते.

आता ते दोन किलोमीटर. ओहायो स्ट्रीटच्या किनाऱ्यापासून ओक स्ट्रीटच्या वळणावरून नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूपर्यंत. उजवीकडे काँक्रीटचा उतार आणि लगेच पाणी, डावीकडे लेक शोअर ड्राइव्हची सुसाट गाड्यांची भिंत. मध्ये झाड नाही, आडोसा नाही, बाहेर पडायला ठिकठिकाणी वाट नाही. ईशान्येचा वारा पाचशे किलोमीटर लांबीच्या सरोवरावरून धावत येतो आणि पहिलं काही त्याच्या आड येतं ते हे वळण. लाट काँक्रीटवर आपटते, फुटते, आणि तिचं पाणी पट्टीवर आडवं येतं. पहिल्या शिंतोड्याला हसले. दुसऱ्याला बूट गेले. तिसऱ्याला सायकलचं मागचं चाक ओल्या काँक्रीटवर पाण्याच्या बाजूला सरकलं, तेव्हा मुकाट्याने उतरले आणि ढकलत निघाले. समोरून एक तरुण पाय टाकत आला, म्हणाला, "लव्हली डे!" तो उपरोध होता की मनापासून, मला अजून कळलेलं नाही.

घाटात थंडी वाजली तर चढामुळे अंग तापतं. इथे सपाटी. जोर लावला तर वाऱ्याशीच लावायचा आणि तो तुमच्यापेक्षा तरणा. माझे हातमोजे पुण्याचे, अर्ध्या बोटांचे. नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूच्या किनाऱ्याजवळ बुद्धिबळाचा एक काँक्रीटचा मंडप आहे, त्याच्या भिंतीमागे बसले. उरलेली चिक्की खायची होती. वेष्टनाचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरता येईना. बोटं दिसत होती, माझीच होती, पण चिमूट होत नव्हती. शेवटी दातांनी फाडलं आणि कागदासकट चावलं. भाच्याला फोन लावायला म्हटलं तर पडदा बोट ओळखेना. नाकाने लावला.

दुकानात पोचले दोन दहाला. पंचावन्न मिनिटं उशीर, म्हणून पूर्ण दिवसाचे ६०, वरचे १६, आणि त्यावर कर. पूल उचलला होता हे सांगितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, हो, शनिवारी उचलतात. म्हणजे त्याला माहीत होतं! सव्वानऊला सांगायला काय झालं होतं? तेव्हा भाड्याने घेणार असाल तर सरळ पूर्ण दिवसाची घ्या, आणि वरचे आकार कागदावर लिहून मागा. चार तासांचा सौदा ह्या ट्रेलसाठी निव्वळ सापळा आहे.

ज्यांना तरीही जायचंय त्यांच्यासाठी.

तापमान बघू नका, वाऱ्याची दिशा बघा, तीसुद्धा दर तासाची. नैऋत्य किंवा पश्चिम असेल तर बिनधास्त निघा. दुपारी उत्तर-ईशान्य दाखवत असेल तर सकाळीच उरका, नाहीतर सोडून द्या. वारा फारच असेल तर ओक स्ट्रीटचा तुकडा बंदही करतात. अडथळे लावलेले दिसले तर बाजूने घुसण्याचा पुणेरीपणा करू नका.

तो तुकडा टाळायची वाट आहे, मला उशिरा कळली. दक्षिणेकडे जाताना नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूला ट्रेल सोडा, क्लार्क रस्त्याने सरळ खाली या, किन्झीला डावीकडे एक चौक, की डिअरबॉर्नची दुहेरी सायकल-पट्टी मिळते. इमारतींच्या आड वारा निम्मा होतो. येताना क्लार्क एकेरी असल्यामुळे नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूपर्यंत डिअरबॉर्ननेच वर या. हरवण्याची भीती नको. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे छेदतात तिथे शून्य, आणि तिथून उत्तरेकडे घरक्रमांकाचे दर ८०० आकडे म्हणजे एक मैल. नॉर्थ अ‍ॅव्हेन्यू १६००, म्हणजे शून्यापासून दोन मैल. एवढं एक डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही. सांभाळायचे ते खड्डे. हिवाळाभर पाणी भेगांत गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि एप्रिलपर्यंत डांबराचे लचके निघालेले असतात. ह्या बाबतीत मात्र घरच्यासारखं वाटेल.

पाणी घरून न्या. किनारे मे अखेरीस, मेमोरियल डेच्या सुमारास उघडतात. त्याआधी वाटेतले बरेच नळ आणि स्वच्छतागृहं बंद मिळाली, आणि बायकांना हे आधी माहीत असणं किती गरजेचं आहे ते वेगळं सांगायला नको. पूर्ण बोटांचे हातमोजे, वारा अडवणारं जाकीट, सुके मोजे पिशवीत. १८ अंशांना हे सगळं बाळगताना वेड्यासारखं वाटतं. वाटू दे.

बाकीचे दिवस थोडक्यात. जॅक्सन पार्कातल्या चेरी बघितल्या, छान होत्या. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाची जागा ती, झाडं २०१३ पासून लावलेली. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर जेवले, पोट भरलं. रिग्ली फील्ड ह्या बेसबॉल मैदानाच्या भिंतीवरची प्रसिद्ध वेल एप्रिलमध्ये नुसत्या तपकिरी काड्या असते, हिरवी बघायची तर मे उजाडू द्या. सेंट पॅट्रिकच्या सणासाठी नदी रंग टाकून हिरवी करतात ती मार्चमध्ये, तेव्हा ते हुकलंच. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगे वाजतात ते वादळाच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून, घाबरू नका. इतर वेळी वाजले तर मात्र मुकाट तळघर गाठा. २१ एप्रिल १९६७ ला शेजारच्या ओक लॉनमध्ये टोर्नेडोने ३३ माणसं मेली होती.

गाडी असेल तर झाडांकडे बघायची सवय लावा. एप्रिलपासून रस्तेसफाई सुरू होते आणि आदल्या दिवशी झाडांना, खांबांना नारिंगी कागद बांधतात: उद्या नऊ ते दोन ह्या बाजूला गाडी नको. भाच्याने अख्खा हिवाळा काढला आणि गुरुवारी नेमका तो कागद बघितला नाही. ६० डॉलर. "मावशी, सायकल बरी," म्हणाला. मी काही बोलले नाही, तेव्हा शनिवार उजाडायचा होता.

आणि ट्रेलवर परतीचा वारा समोरून असेल तर परतूच नका. दक्षिण टोकाहून ६ नंबरची बस शहरात जाते, बसच्या पुढच्या बाजूला सायकलचा रॅक असतो, आधी तो खाली ओढायचा, मग पुढच्या चाकावर आकडा अडकवायचा. तिथून रेड लाइन मेट्रोने उत्तर टोकाजवळचं ब्रिन मॉर स्टेशन. सोमवार ते शुक्रवार सात ते नऊ आणि चार ते सहा गाडीत सायकल घेत नाहीत, शनिवारी-रविवारी चालते. फक्त रिग्ली फील्डवर कब्ज ह्या बेसबॉल संघाचा सामना सुटायच्या वेळी जाऊ नका, अ‍ॅडिसनला डबा असा भरतो की दादर आठवेल, आणि सायकलसकट तुम्हाला कुणी आत घेणार नाही.