सिपर सुटायला दहा दिवस, पाळणाघराला तीन आठवडे

‘११) पाण्यासाठी व दुधासाठी स्पिल-प्रूफ सिपर, नाव टाकून, २ नग. ग्लास, पेला, वाटी आणू नये.’

पाळणाघराच्या लॅमिनेट केलेल्या यादीतली ही ओळ मला अजून तोंडपाठ आहे. बाकीची यादी (लंगोट, चादर, जादा कपडे, मुलाचा फोटो दोन प्रती) मी केव्हाच विसरले. हे लिहायला इतके दिवस लावले, कारण माझा मुलगा गोटू त्या पाळणाघरात जात होता तोवर लिहिणं शहाणपणाचं नव्हतं. आता तो तिथे नाही. तिथल्या ज्या मावशींबद्दल पुढे लिहिणार आहे, त्याही आता तिथे नाहीत.

सुरुवात बुरशीपासून झाली. गोटू तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांचा होता. सिपरला, म्हणजे झाकणातून चोखून प्यायच्या त्या न सांडणाऱ्या कपाला, आंबूस वास यायला लागला म्हणून एका शनिवारी झाकणातला सिलिकॉनचा व्हॉल्व केसांच्या पिनेने उचकटून काढला, तर आत काळं कडं. रोज दोनदा ब्रशने घासत होते मी तो सिपर! पण घासत होते बाहेरून. तुमच्या घरी सिपर असेल तर हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच उठा आणि व्हॉल्व काढून बघा.

तो सिपर त्या दिवशी कचऱ्यात गेला. यादीत दोन नग होते, त्यामुळे दुसरा उरला होताच.

सोमवारी लसीच्या निमित्ताने डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सहज विषय काढला. त्यांनी गोटूचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला, बॅटरी मारली आणि म्हणाले, “दूध झोपताना देता?” हो. “सिपरने?” हो. “दिवसाला किती?” मी हिशोब केला: जवळजवळ ९०० मिली. मला वाटत होतं, मुलगा छान दूध पितो. डॉक्टरांच्या मते या वयाला ४००-५०० मिली पुरे. त्याहून जास्त दूध पोटात गेलं की पोळीभाजीला जागा उरत नाही आणि लोह कमी पडतं. शिवाय सिपर हातात घेऊन मूल दिवसभर एकेक घोट ओढत राहतं, म्हणजे दात सतत दुधात भिजलेले. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीड लागण्याची सुरुवात असते आणि तिथून दात सावरता येतात. रेघ तपकिरी झाली की दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. गोटूला अगदी पुसट पांढरी रेघ होती. त्या रात्री मी काही जेवले नाही.

सहा महिन्यांचं बाळ वरचं खायला लागलं की तेव्हापासूनच पेल्याची ओळख करून द्यावी आणि सिपर दोन वर्षांच्या आत सोडवावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. मुळात हा स्पिल-प्रूफ प्रकार निघाला तो अमेरिकेत १९८०च्या दशकात. रिचर्ड बेलांजर नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअरने आपल्या लहान मुलाच्या सांडलवंडीला वैतागून तो बनवला. म्हणजे सोय आईबापांची. त्यांचे गालिचे असतील. आमच्याकडे फरशी आहे आणि फडकं आहे.

घरचा भाग लवकर सांगते, कारण तो खरंच सोपा गेला. दिवाळीत पाळणाघराला सुट्टी होती, मी रजा काढली होती. सासूबाईंनी देवघरातून नैवेद्याची छोटी वाटी काढली. (आधी त्यांनी बोंडलं शोधलं होतं, माझ्या नवऱ्याला ज्याने गुटी पाजली ते. मी म्हटलं, आई, बोंडल्यावरून पुढे जायचंय आपल्याला.) दोन घोट मावतील एवढीच वाटी, म्हणजे सांडून सांडून किती सांडणार. संपलं की पुन्हा दोन घोट. पहिल्या दिवशी अंगावर, दुसऱ्या दिवशी आजीच्या अंगावर, तिसऱ्या दिवशी थोडं पोटात. पाण्यापेक्षा घट्ट पदार्थ सोपा जातो हे मला उशिरा कळलं. नाचणीची सरसरीत पेज वाटीतून ओठापर्यंत सावकाश येते, मुलाला अंदाज घ्यायला वेळ मिळतो. पाणी एकदम नाकात जातं. तेव्हा पेजेने सुरुवात करा, आम्ही उलटं केलं.

वाटीनंतर स्टीलचा छोटा पेला, जड बुडाचा. बाजारातला हलका प्लॅस्टिकचा कप रिकामा असला तरी नुसत्या धक्क्याने लवंडतो, त्यात पैसे घालवू नका. दोन कानांचा एक कप आणला होता, त्याच्या कानात गोटू बोटं अडकवायचा आणि कप डोक्यावर घालायचा. घरात एकच नियम ठेवला: ‘पेला हातात, बूड खाली.’ उठून चालायला लागला की पेला काढून घ्यायचा, न रागावता. हे ‘न रागावता’ सासूबाईंना जमलं, मला दहापैकी सहा वेळा.

रात्रीच्या दुधाच्या सिपरसाठी तीन रात्री रडारड झाली. चौथ्या रात्री त्याने पेल्यातून चार घोट घेतले आणि झोपला. दूध ९०० वरून एकदम ३०० मिलीवर आलं, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दही द्या, पनीर द्या, नाचणी देताच आहात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्या दुधात १२० च्या आसपास. मग मी मोजणं सोडलं. जेवण मात्र दुपटीने वाढलं, ते कोणी आधी सांगितलं नव्हतं.

भाऊबीजेला गोटू मामाच्या ताटाशेजारी बसून पेल्यातून मठ्ठा प्यायला, वर ओठावर पांढरी मिशी. मी आतून इतकी फुगले होते की विचारू नका.

आणि सोमवारी पाळणाघर उघडलं.

मी पिशवीत सिपरच्या जागी स्टीलचा पेला ठेवला, वर चिठ्ठी लावली. संध्याकाळी पेला तसाच परत, चिठ्ठीसकट. मॅडम दारातच म्हणाल्या, “ग्लास-पेले चालत नाहीत आपल्याकडे. अकरा नंबर बघा.” मी समजावून सांगितलं: दात, दूध, डॉक्टर, रेघ. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, तेवीस मुलं आहेत. प्रत्येकाने रोज एकदा सांडलं तरी तेवीस वेळा पुसायचं कोणी?” आज मला हे बोलणं अगदीच चुकीचं वाटत नाही. तेव्हा ओठ चावला होता. माझं मूल सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात तिथे. घरी दहा दिवसांत जे कमावलं ते रोज साडेदहा तास धुऊन निघणार, हेच डोक्यात.

मंगळवारपासून नाइलाजाने उरलेला सिपर द्यायला लागले. मॅडम म्हणाल्या, “अर्ज द्या. मोठ्या मॅडम गुरुवारी असतात, अकरा ते एक.” गुरुवारी अकरा ते एक मी डोंबिवलीपासून दीड तासावर, फोर्टातल्या ऑफिसात असते. म्हणून अर्ज व्हॉट्सॲपवर. विषय: पाल्यास पेल्याने पाणी पिण्याची परवानगी मिळण्याबाबत. लिहिताना मला स्वतःलाच हसू आलं, पण तसंच पाठवलं. दोन निळ्या खुणा. मग पाच दिवस काही नाही. मी ‘नमस्कार मॅडम, अर्जाबाबत’ असं पाठवलं, तर अंगठा आला. अंगठा म्हणजे मंजूर की वाचलं? नवरा म्हणाला वाचलं. मी म्हटलं मंजूर. दुसऱ्या दिवशी पेला पाठवला, तो परत आला. नवऱ्याचं बरोबर निघालं, हे त्याने तीन वेळा बोलून दाखवलं.

आठव्या दिवशी उत्तर: ‘डॉक्टरांचे पत्र लागेल.’

शनिवारी डॉक्टरांकडे दीड तास बसले. आजूबाजूला तापाने फणफणलेली पोरं आणि मी पेल्याच्या पत्रासाठी. आत गेल्यावर डॉक्टर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “दीड किलोच्या बाळांना आम्ही एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पालडईने म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, साध्या वाटीने दूध पाजतो. ती पितात. हा एवढा दांडगा गडी, ह्याला पेल्यासाठी सर्टिफिकेट?” पण दिलं. औषधाच्या कागदावर, औषधाच्याच जागी: ‘पाणी – पेल्याने. दिवसातून हवे तितक्या वेळा.’ खाली सही, शिक्का. तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

तो कागद पाठवला. आता सुटलं असं वाटलं, तर हमीपत्राचा नमुना आला. ‘पाणी सांडून फरशी निसरडी झाल्यास व त्यामुळे कोणत्याही मुलास इजा झाल्यास संपूर्ण जबाबदारी पालकांची राहील.’ कोणत्याही मुलास! म्हणजे तेवीस मुलांची फरशी माझ्या नावावर. नवरा म्हणाला, कर सही, कोण पडतंय. मी तो कागद सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात दाराजवळ उभ्याने पुन्हा वाचला. शेजारच्या बाईंनीही वाचला, त्या म्हणाल्या, अजिबात करू नका. मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘मूल बसून, जेवणाच्या वेळी, अर्धा पेला पाणी पिईल.’ हमीपत्र परत आलं. कारण: खाडाखोड चालत नाही.

या सगळ्या दिवसांत आणखी एक गोष्ट मला खात होती. रोज संध्याकाळी सिपर पूर्ण रिकामा यायचा. म्हणजे पोरगं दिवसभर चोखतंय, मी धरून चालले. आणि रोज सदरा पुढून ओला. त्यावरूनही मी मॅडमना खरमरीत मेसेज केला, मूल ओल्या कपड्यात का ठेवता म्हणून. ‘मुले खेळतात,’ एवढंच उत्तर. व्हॉल्व असलेला सिपर सांडत नाही, मग सदरा भिजतो कशाने, हा साधा प्रश्न मला तीन आठवड्यांत एकदाही पडला नाही. इतकी मी अर्ज लिहिण्यात गुंतले होते.

तिसऱ्या शुक्रवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाने सुटले आणि चारच्या सुमाराला न सांगता पाळणाघरात गेले. मॅडम बँकेत गेल्या होत्या. आत मागच्या बाजूला, मोरीपाशी, गोणपाटावर तीन पोरं ओळीने मांडी घालून बसलेली. मधला माझा. तिघांच्या हातात स्टीलचे पेले. आणि मावशी गोटूच्या सिपरचं झाकण काढून त्यातलं पाणी तिघांच्या पेल्यात थोडं थोडं ओतत होत्या.

मी दारातच थांबले. मावशी दचकल्या. मग म्हणाल्या, “अहो ताई, हाच ऐकत नव्हता. दिवाळीनंतर आला तो सिपर भिरकावूनच देतो. माझा चहाचा पेला ओढायला लागला, म्हटलं सांडेल गरम, त्यापेक्षा ह्याला पाणीच देऊ. त्याचं बघून ही दोघं.” आणि मग हळूच, “मॅडमना नका सांगू. मी इथेच मोरीत बसवते, फरशी भिजत नाही. नळी चोखत अर्धा अर्धा तास रेंगाळतात, पेल्यातून दोन मिनिटांत मोकळी होतात. मलाच बरं पडतं.”

माझे अर्ज, पत्र, हमीपत्र चालू होतं तेवढे सगळे दिवस हे चालू होतं. मला हसू यावं की रडू, कळेना. मी गोणपाटाच्या कडेला बसले आणि गोटूने मला त्याच्या पेल्यातलं उष्टं पाणी पाजलं.

घरी येताना मोठा पेच होता. अर्ज मागे घेतला तर मॅडमना संशय यायचा, म्हणून मागे लागणं तसंच चालू ठेवलं. नवं हमीपत्र छापून घेतलं, ‘कोणत्याही मुलास’च्या जागी ‘माझ्या पाल्यास’ असं टाइप करून सही केली. ते कोणी वाचलं नाही बहुतेक. चार दिवसांनी मोठ्या मॅडमचा मेसेज आला: ‘प्रायोगिक तत्त्वावर परवानगी देण्यात येत आहे.’ मी आभार मानले. अंगठा आला.

मावशींना त्या संक्रांतीला तिळगुळाबरोबर एक पातळ दिलं, कारण न सांगता. त्यांनीही विचारलं नाही.

एक राहिलं. सिपर सुटल्यावर पहिले पंधरा दिवस पिशवीत दोन जादा सदरे आणि एक छोटा टॉवेल ठेवा, आणि सांडलं की फडकं मुलाच्याच हातात द्या. ते पुसत नाही, पसरवतं, पण त्याला काम मिळतं. आणि स्ट्रॉच्या बाटलीला मी वाईट म्हणणार नाही, प्रवासात आम्हीही वापरतो. फक्त तिचीही नळी आतून बघत जा.

गेल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतल्या एका मुलीने त्याच पाळणाघराची यादी मला पाठवली, ‘यातलं काय काय खरंच लागतं?’ म्हणून. नवीन लॅमिनेशन, रंगीत अक्षरं. अकरा नंबर जसाच्या तसा. मी तिला लिहिलं: सिपर एकच घे, स्वस्तातला, आणि तिथे सध्या ज्या मावशी असतील त्यांना आधी भेट, मॅडमना नंतर.