झोप येईना म्हणून अंथरुणातला वेळच कमी केला: माझा अनुभव

माझा त्रास झोप लागत नाही हा कमी आणि मध्येच जाग येते हा जास्त होता. दहाला आडवी व्हायचे, बाराला कधीतरी डोळा लागायचा आणि अडीच-तीनला टक्क जाग. मग डोक्यात हिशोब सुरू, आत्ता लागली तर चार तास मिळतील, आता साडेतीनच, आता तर लागूच नये कारण लगेच उठायचंय... ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. चारनंतर तुकड्या-तुकड्याने लागायची आणि नेमकी सातला अलार्म वाजताना गाढ.

सकाळची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे कारण रात्रीपेक्षा मला सकाळ जास्त छळायची. जाग आल्यावर मेंदू पूर्ण चालू व्हायला थोडा वेळ लागतो, त्याला स्लीप इनर्शिया म्हणतात, नॉर्मल माणसाचं ते अर्ध्या तासात निघून जातं पण झोप अपुरी झालेली असेल तर लांबतं. माझं अकरापर्यंत चालायचं. एकच मेल तीनदा वाचायचा, रिप्लाय टाईप करायचा आणि पाठवताना लक्षात यायचं की काल हाच रिप्लाय देऊन झालाय. नऊच्या मिटिंगला कॅमेरा बंद करून मी चक्क उभी राहायचे, बसले की मान खाली जायची. स्नूझने तर अजून वाट लागायची, दर नऊ मिनिटांनी झोपेचा एक निकामी तुकडा, त्याने ना आराम ना जाग.

उपाय सगळे केले. लव्हेंडर, मॅग्नेशियम, मोठे श्वास, पावसाचे आवाज, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सर्दीची गोळी घेऊन झोप येते हे बऱ्याच जणांनी सांगितलं आणि येतेही, पण शरीराला त्याची पटकन सवय होते, आणि दुसऱ्या दिवशी तोंड कोरडं, डोकं कापसाचं. मेलाटोनिनबद्दल गैरसमज फार आहे, ती गुंगीची गोळी नाही, शरीराच्या घड्याळाला रात्र झाली असं सांगणारा सिग्नल आहे, म्हणून जेट लॅगमध्ये किंवा ज्यांचं घड्याळच उशिरा चालतं त्यांना उपयोग होतो. माझ्या अडीचला जाग येण्यावर तिचा काही परिणाम झाला नाही.

झोल्पिडेम ही झोपेची गोळी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली होती. झोप लागली, खोटं नाही बोलणार, पण सकाळी गाडीची चावी हातात घ्यायची भीती वाटेल इतकी सुस्ती. नंतर वाचलं की बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं आणि सकाळीही रक्तात उरतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. हे वाचून मला जरा बरं वाटलं, म्हणजे मी नाटक करत नव्हते! (कोणी घेत असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.)

मग दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी आधी घोरण्याबद्दल विचारलं, थायरॉईड आणि आयर्न तपासलं, त्यात काही निघालं नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांच्या वर असेल तर तो क्रॉनिक इन्सोम्निया, म्हणजे जुनाट निद्रानाश, आणि त्यावर पहिला इलाज गोळी नाही, सीबीटी-आय नावाची, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी आहे, असं त्या म्हणाल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ पासून हेच सांगितलंय. मला वाटलं आता समोर बसवून बालपण विचारतील, पण त्यांनी एक कागद दिला, रोज सकाळी भरायचा: कधी आडवी झाले, अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग, कधी उठले. अंदाजेच लिहायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही.

तो कागद बघून त्या म्हणाल्या तुम्ही नऊ तास अंथरुणात असता आणि झोपता साडेपाच, म्हणजे साठ टक्के, ते पंच्याऐंशीच्या वर पाहिजे. आता अंथरुणातला वेळही साडेपाच तासच. रात्री एक ते सकाळी साडेसहा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, झोप नाही म्हणून आलेय आणि ही बाई अजून कमी झोपा म्हणतेय.

यामागचं लॉजिक असं की जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याचा दाब वाढला की झोप येते. मी दहाला आडवी होऊन, वीकेंडला उशिरापर्यंत लोळून, दुपारी डुलकी काढून तो दाब साठूच देत नव्हते, वर कॉफी ॲडेनोसिनचीच जागा अडवते आणि पाच-सहा तासांनीही तिचा अर्धा भाग शरीरात असतो. अंथरुणातला वेळ कमी करायची ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली, स्लीप रिस्ट्रिक्शन म्हणतात. जोडीला दुसरा नियम, झोप येत नसेल तर अंथरुणात पडून राहायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि पेंग आली तरच परत. पलंग म्हणजे काळजी करायची जागा अशी मेंदूला लागलेली सवय त्याने मोडते म्हणे.

आता खरं सांगायचं तर पहिले दिवस भयंकर होते. झोप न येणारी मी, अकरालाच पेंगायला लागले! आणि एकपर्यंत जागं राहायचं. सोफ्यावर बसायची सोय नाही, टेकले की गेले, म्हणून उभ्याने कपड्यांच्या घड्या घालायचे, आधीच घातलेल्या मोडून परत घालायचे. सकाळी साडेसहाला अलार्म खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, उठले की सरळ बाहेर उजेडात, ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि शरीराचं घड्याळ त्यानेच लागतं. त्या काळात गाडी चालवली नाही, मॅनेजरला मोकळेपणाने सांगून महत्त्वाच्या मिटिंगा अकरानंतर ढकलल्या. फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलर असणाऱ्यांनी हा प्रकार आपला आपण करू नये, मॅडमनी हे मला पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

काही रात्रींनी असं झालं की एकला पडले आणि थेट अलार्म, मध्ये काही आठवतच नाही. मग कागदावरचा आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची, घसरला तर थांबायचं. उठायची वेळ मात्र तीच, रविवार असो की काही. घरच्यांना हेच सगळ्यात खटकलं, ते म्हणतात सुट्टीला तरी झोप ना गं.

आता पावणेबाराला आडवी होते, उठते साडेसहालाच. एखादी रात्र अजूनही वाया जाते. त्या दिवशी लवकर झोपायला जात नाही, कॉफी दुपारी बाराच्या आत, अगदीच झालं तर तीनच्या आधी वीस मिनिटं डोळे मिटायचे, त्यापुढे नाही कारण गाढ झोपेतून उठलं की परत तीच सकाळची सुस्ती. आणि मनगटावरचं ते झोप मोजणारं घड्याळ, जे हालचाल आणि नाडीवरून अंदाज करून रोज सकाळी मला तुमची गाढ झोप कमी पडली म्हणून नापास करायचं, ते धाकट्या भावाला देऊन टाकलं. तो छान झोपायचा. आता रोज सकाळी मला त्याचा स्कोअर पाठवतो आणि विचारतो, ताई, हा कमी आहे का गं?