तारखेचा रकाना

11 नोव्हेंबर 2019, सोमवार. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कापून खाचरात ठेवलेलं भात अवकाळी पावसात भिजलं, तेच ते साल. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीत कंत्राटी ग्रामसेवक म्हणून मला नऊ महिने झाले होते. सकाळी कार्यालय उघडायला गेलो तर पायऱ्यांवर माणसं बसलेली, बहुतेक बाया. रोजगार हमीचं काम मागायला आल्या होत्या.

तेव्हाचा कायदा मला पाठ होता. ग्रामीण कुटुंबाला वर्षात 100 दिवस कामाची हमी, मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. 1972 च्या दुष्काळात तावून-सुलाखून निघालेली आणि 1977 साली कायद्यात बसवलेली आपल्या राज्याची योजना पुढे 2005 मध्ये देशाच्या कायद्याला वाट दाखवते, याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका अनुभवी साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मागणी घे, पण पोच देऊ नकोस. तारीख पडली की आपण अडकतो. काम हाताशी आलं की मग टाक तारीख." ते वाईट मनाने बोलत नव्हते. नव्या पोराने अडचणीत येऊ नये, एवढाच हेतू. मीही ऐकलं. नऊ महिने तसंच केलं.

त्या दिवशीही नमुना 4 चे, म्हणजे काम मागणीचे, अर्ज भरून घ्यायला लागलो. नाव, जॉबकार्ड क्रमांक, किती दिवस काम हवं, अंगठा. ग्रामरोजगार सेवक शेजारी बसून नावं वाचत होता. आठ-दहा अर्ज झाले असतील. पन्नाशीची एक बाई अंगठा उठवून झाल्यावरही हलेना. तिने अर्ज माझ्याकडे सरकवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बोटाला शाई होती, त्याचा निळा ठसा तिथेच उमटला.

"भाऊसाहेब, हितं तारीख नाय टाकली तू."

"टाकतो मावशी, नंतर सगळ्यांची एकदम टाकतो."

"गेल्या साली पण असंच बोलले. आम्ही आठ दिवस वाट बघितली न् भट्टीवर गेलो. पावती दे. तारखेची."

मागच्या बायांची कुजबुज थांबली. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदावर काय कुठे असायला हवं ते तिला नेमकं ठाऊक होतं. आणि तिच्या हिशेबात आठ दिवस फार मोठे होते. वीटभट्टीचा मुकादम दिवाळीनंतर पाड्यावर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन येतो. एकदा उचल घेतली की सारं कुटुंब, शाळेतली पोरं धरून, पावसाळ्यापर्यंत भिवंडी-वसईकडे. हमीचं काम डिसेंबरात निघालं तर ते रिकाम्या पाड्यासाठी निघतं.

कपाटातून नमुना 5 चं पोच पुस्तक काढलं. कोरं करकरीत होतं, पहिलं पानसुद्धा उलटलेलं नव्हतं. माझ्या आधी तिथे काम केलेल्यांनीही त्याला हात लावला नव्हता. कार्बन घातला आणि लिहिलं, 11/11/2019. सही केली, शिक्का मारला. मावशीने पावतीची चौघडी घडी केली, जॉबकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवली आणि ती बाजूला उभी राहिली, गेली नाही. सगळ्यांच्या पावत्या होईपर्यंत ती तिथेच होती. 41 पावत्या. दुपारचे अडीच वाजले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. तालुक्याहून फोन आला, "कुणी सांगितलं होतं तुला?" काम ग्रामसभेच्या आराखड्यात होतं, डोंगरउतारावर पाणी अडवायला खणायचे सलग समतल चर. पण अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता नव्हती. तिच्याशिवाय प्रशासकीय मान्यता नाही, आणि मान्यतेशिवाय हजेरीपट, म्हणजे मजुरांची हजेरी मांडायचा कागद, निघत नाही. तांत्रिक अधिकाऱ्याकडे कित्येक गावं होती. मी त्याला मोटारसायकलवर बसवून डोंगरावर नेलं, उताराची पाहणी केली, रात्री त्याच्याच घरी बसून अंदाजपत्रक पूर्ण केलं.

याच धावपळीत मला एक गोष्ट कळली, जी कुठल्याच प्रशिक्षणात सांगितली नव्हती. मागणीची संगणकात नोंद कधी होते? आमच्याकडे ती हजेरीपट काढायच्या वेळीच केली जायची. म्हणजे पडद्यावर मागणीची तारीख आणि कामाची तारीख यांत दोन-तीन दिवसांचंच अंतर दिसणार. माणूस प्रत्यक्षात दोन महिने थांबलेला असला तरी संगणकाच्या लेखी उशीर कधी झालाच नाही. आणि उशीर नाही तर भत्ता नाही. त्या वर्षी मजुरी दिवसाला 206 रुपये होती. पहिल्या 30 दिवसांसाठी भत्ता तिचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे साडेएक्कावन्न रुपये. रक्कम लहान दिसते, पण ती देणं राज्य शासनावर बंधनकारक आहे आणि ती द्यावी लागली की कुणीतरी विचारतं, काम का दिलं नाही? तो प्रश्न उठूच नये अशी व्यवस्था आमच्या हातून, काही वाईट न योजता, तयार झाली होती. त्या थांबलेल्या दिवसांचा पुरावा एकच, बाईच्या प्लास्टिकमधली पावती. मी ऑपरेटरसमोर पोच पुस्तक ठेवलं आणि 11 नोव्हेंबर हीच तारीख भरायला लावली. तो कुरकुरला, पण त्याने भरली.

25 नोव्हेंबरला काम सुरू झालं. चौदावा दिवस. सकाळी आखणीची दोरी पडली, मुरमात पहिली पहार बसली तेव्हा खण्णकन आवाज आला. मावशी पहिल्या गटात होती. हजेरी घेताना 41 पैकी 29 जण हजर होते. उरलेली 12 माणसं भट्टीवर निघून गेली होती. चौदा दिवस कायद्यात बसतात. त्यांच्या घरातल्या तांदळाला ते पुरले नाहीत. त्या 12 नावांपुढे गैरहजेरी मांडताना माझा हात जड झाला. सप्टेंबरातच अंदाजपत्रक मार्गी लावलं असतं तर ती नावं हजेरीत असती. तेव्हापासून मी भात कापणीच्या आधीच कामांच्या मान्यतांचा पाठपुरावा सुरू करतो.

2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, भट्टीवरून पायी परत आलेलं एक जोडपं कार्यालयात आलं. त्या बारांतलं. नवऱ्याने खिशातून नोव्हेंबरची माझी पावती काढली. घड्यांवर फाटत आलेली, विटांच्या धुळीने लाल झालेली. "ही चालंल का अजून?"

ती मागणी संपली, नव्याने करावी लागेल, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली, पण पावती परत खिशात ठेवली. मी नमुना 4 पुढे ओढला, आधी तारीख लिहिली आणि मग नाव विचारलं.